हँडब्रेक अडकला तर

मोटार ही वस्तू एके काळी तालुक्याला एखादी असे. आता तसे राहिलेले नाही. शहरातल्या माणसाने नवी गाडी घेतली की त्याची जुनी गाडी हळूहळू खेड्याकडे सरकते आणि शिक्षक, डॉक्टर, दूध संस्थेचे सचिव, बागायतदार अशा कोणाच्या तरी अंगणात येऊन उभी राहते. १९८३ साली गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. अँबॅसडरही त्याच वर्षी बंद झाली, आणि प्रीमियर पद्मिनी तर त्याच्याही पुष्कळ आधी. पण कारखाना बंद पडला म्हणून रस्त्यावरची गाडी काही थांबत नाही. ती हात बदलते, गाव बदलते आणि चालत राहते. अशी गाडी बाळगणारा मनुष्य, त्याची इच्छा असो वा नसो, थोडाफार मिस्त्री बनतोच. मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस. परंतु या नियमातून मीही सुटलेलो नाही.

या जुन्या गाड्यांचे एक नेहमीचे दुखणे म्हणजे हँडब्रेक अडकणे. आज त्याच्याविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

प्रसंग असा असतो पाहा. मे महिन्याच्या सुट्टीत गुरुजी आपल्या गावी जातात. गाडी शाळेच्या मागे पत्र्याच्या आडोशाला उभी असते. गुरुजी शिस्तीचे, जाताना त्यांनी हँडब्रेक चांगला कचकचून ओढलेला असतो. मृगाचा पाऊस येतो, पत्र्याची पागोळी नेमकी मागच्या चाकावर गळत राहते. पंधरा-वीस दिवसांनी गुरुजी परत येतात, किल्ली फिरवतात. इंजिन सुरू होते, गिअर पडतो, हँडब्रेक खाली जातो. पण क्लच सोडला की गाडी जागच्या जागी कण्हते, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी खाली बसते आणि बंद पडते. मग चार माणसे जमतात. एक म्हणतो, "गुरुजी, जोरात रेस करा." दुसरा म्हणतो, "चाकात डिझेल ओता." तिसरा काही न बोलता हातोडा आणावयास धावतो. या तिन्ही मंडळींचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु तिघांचेही ऐकले तर क्लच जळेल, ब्रेक निकामी होईल आणि ड्रम फुटेल.

तेव्हा आधी हे यंत्र कसे चालते ते समजून घेऊ. ते कठीण नाही. सायकलचा ब्रेक ज्याला ठाऊक आहे त्याला हँडब्रेक निम्मा कळलेलाच आहे. सायकलला एक पोलादी तार असते आणि ती एका नळीतून जाते. दांडी दाबली की नळीतली तार ओढली जाते. अशा तारेचे एकस्व १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या गृहस्थाला मिळाले. मोटारीच्या हँडब्रेकलाही हीच युक्ती आहे, फक्त तार जाड. दोन आसनांच्या मध्ये जी दांडी आपण वर ओढतो तिच्या मुळाशी दाते असलेली पट्टी असते आणि त्या दातांत एक खिटी पडते. खट खट असा जो आवाज येतो तो त्या खिटीचा. दांडीच्या टोकाचे बटण दाबले की खिटी उचलली जाते आणि दांडी खाली येते.

दांडीपासून निघालेली तार मागच्या दोन्ही चाकांकडे जाते. तिथे प्रत्येक चाकाबरोबर फिरणारे एक बिडाचे भांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात. ते ब्रेक शू. त्यांच्या पाठीवर घर्षणाचा थर बसवलेला असतो, त्याला आपले मिस्त्री लायनर म्हणतात. तार ओढली की आतली एक लहान दांडी दोन्ही शू बाहेर फाकवते, लायनर ड्रमला आतून घट्ट टेकतो आणि चाक थांबते. तार सैल सोडली की स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढून घेतात. पायाचा ब्रेक याच शूंना दाबतो, पण तारेने नव्हे, नळीतल्या द्रवाच्या दाबाने. म्हणून हँडब्रेक अडकला तरी पायाचा ब्रेक चालू असू शकतो, आणि पायाचा ब्रेक गेला तरी हँडब्रेक उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये मात्र हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून गिअरपेटीच्या मागे असे. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत दांडी जाऊन नुसते बटण आले आहे. आपले आजचे बोलणे मारुती ८०० सारख्या, दांडी, तार आणि मागचे दोन ड्रम असलेल्या गाडीपुरते आहे.

आता अडकते कोठे? मुख्य जागा तीन. पहिली जागा दांडीजवळची. खिटी दातांत इतकी घट्ट रुतते की बटण दबत नाही. दुसरी जागा तारेची. नळीचे वरचे आवरण कोठेतरी फाटते, आत पाणी जाते, तार गंजते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून गंजलेली तार फुगल्यासारखी होऊन नळीत गच्च बसते. मग दांडी खाली गेली तरी तार परत येत नाही. तिसरी जागा ड्रमच्या आतली. ब्रेक ओढलेला असताना लायनर आणि ड्रम एकमेकांना चिकटून असतात. त्यात ओल शिरली की बिडावर गंज चढतो आणि तो गंजच दोघांना सांधतो. गुरुजींच्या गाडीचे बहुधा हेच झालेले असते.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" असे होऊ नये म्हणून जागा ओळखावयास शिकले पाहिजे. दांडी खालीच येत नसेल तर दोष दांडीजवळ. दांडी खाली आली पण पुन्हा वर ओढताना हाताला काहीच ताण लागत नाही, ती ढिली पडली आहे, असे वाटले तर तार मध्ये कोठेतरी अडकली आहे किंवा तुटली आहे. दांडी खालीवर होताना नेहमीसारखा ताण लागतो, पण चाक सुटत नाही, तर दोष बहुधा ड्रमच्या आत. चाक कोणते, हेही पाहता येते. मारुतीसारख्या गाडीला ओढ पुढच्या चाकांची असते. ती जरा पुढे घेतली की अडकलेले मागचे चाक फिरत नाही, मातीत रेघ ओढत घसटत जाते. रेघ उजव्या बाजूला दिसली तर दोष उजव्या चाकात, हे उघड आहे.

श्रोतेहो, उपाय सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, आणि आजच्या भाषणातले बाकी सारे आपण विसरलात तरी एवढी विसरू नका. आपण ब्रेक सोडवावयास निघालो आहोत. ब्रेक सुटला की गाडी मोकळी होते, आणि मोकळी गाडी उताराकडे जाते. ती किती वर्षे आपल्याजवळ आहे, तिच्यापुढे कोण उभे आहे, हे ती पाहत नाही. अडकलेला ब्रेक पैशाचे नुकसान करतो. अवचित सुटलेला ब्रेक माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून नियम असा: सोडवण्याआधी धरा. बैलगाडी चढावर थांबवली की गाडीवान आधी खाली उतरून चाकाला दगड लावतो, मग बैलांना पाणी दाखवतो. मोटारवाल्यानेही तेच करावे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जमलेल्या मुलांना गाडीच्या पुढून आणि मागून दूर करून बाजूला उभे करावे. आणि पायाचा ब्रेक लागतो की नाही, पेडल घट्ट लागते की जमिनीपर्यंत जाते, हे आधी दाबून पाहावे. पेडल पोकळ लागत असेल तर गाडीला हातच लावू नये, मिस्त्रीला बोलवावे.

आता उपाय. खिटी रुतली असेल तर बटण दाबून दांडी खाली ढकलण्याची धडपड व्यर्थ आहे. दांडी आधी आणखी थोडी वर ओढावी. त्यायोगे खिटीवरचा भार उतरतो. मग बटण दाबावे आणि दांडी अलगद खाली न्यावी. दाराची कडी ताणाने घट्ट बसली की आपण दार आधी आत ओढतो आणि मग कडी काढतो, तसेच हे आहे.

ड्रम चिकटला असेल तर पायाचा ब्रेक आठ-दहा वेळा जोराने दाबून सोडावा. शू थोडे हलतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच गंजाचा सांधा सुटतो. नाही सुटला तर सपाट जागेवर, जाणत्या माणसाला स्टिअरिंगवर बसवून, दगड काढून, गाडी पहिल्या गिअरात बोटभर पुढे आणि उलट्या गिअरात बोटभर मागे अशी हलवावी. पाय पायब्रेकच्या जवळ ठेवावा. मळ्यातला खुंटा उपटताना आपण आधी त्याला इकडून तिकडे हलवतो, एकदम वर ओढत नाही. तशातला हा प्रकार आहे. बहुतेक वेळा 'खट' असा आवाज होतो आणि गाडी मोकळी होते. पाच-सहा वेळा करून सुटली नाही तर मात्र थांबावे. पुढे जोर केला तर क्लच जळतो, किंवा लायनर शूवरून उखडून ड्रममध्ये आडवा पडतो आणि चाक पहिल्यापेक्षा पक्के अडकते. गाडी ट्रॅक्टरला बांधून फरफटत नेण्याचा सल्लाही कोणी देईल. तो ऐकू नये.

यानंतरचा उपाय चाक काढून करावयाचा आहे, आणि तो ज्याने पूर्वी केला आहे अशाच्या हाताने व्हावा. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागचे चाक जॅकने उचलले की हँडब्रेकचा आधार संपतो, कारण हँडब्रेक धरतो तो मागच्याच चाकांना. मारुतीला निदान गिअरात ठेवले तर पुढची चाके धरली जातात. अँबॅसडर किंवा पद्मिनीला ओढ मागच्या चाकांची. त्यातले एक चाक उचलले की गिअरचाही भरवसा राहत नाही. तेव्हा पुढच्या चाकांना दगड हवेतच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, डोके घालू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. खाली घोडीसारखा पक्का लोखंडी आधार द्यावा. मग ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हलक्या हाताने, चहूबाजूंनी फिरत ठोकावे. बिडावर हातोड्याचा थेट घाव घातला तर ते तडकते. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारखे सारखे आवळत गेले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो.

आता त्या डिझेलविषयी. तारेच्या टोकांना, बाहेरच्या सांध्यांना गंज सोडवणारे तेल द्यावे. त्याला हरकत नाही. पण ड्रमच्या आत तेल, डिझेल, ग्रीस यांचा थेंबही जाता कामा नये. ब्रेकचा सारा जीव घर्षणात आहे. लायनर तेल प्यायला की गाडी अडकणार नाही हे खरे, पण थांबणारही नाही. असा लायनर धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो.

दुसरी एक सूचना, आणि ही गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांसाठी विशेषेकरून. ड्रम उघडल्यावर आत काळी-करडी धूळ दिसते. ती तोंडाने फुंकू नका आणि हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की पुष्कळ वर्षांनी असाध्य रोग, कर्करोगसुद्धा, होऊ शकतो. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, धूळ पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. साध्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. ही खबरदारी फुकट आहे, आणि ती न घेण्याची किंमत फार मोठी आहे.

तार गंजून अडकली असेल तर तेल घालून ती चार दिवस चालेल, पण पुढच्या पावसात पुन्हा अडकेल. आवरण फाटलेली, धागे तुटलेली तार बदलणे हाच तिचा इलाज. चाकांतल्या स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील तर त्याही त्याच वेळी बदलून घ्याव्यात. आणि एक चूक टाळावी. हँडब्रेकची दांडी फार वर येऊ लागली की काही जण सरळ तार आवळून घेतात. दोष पुष्कळदा तारेत नसतो. लायनर झिजलेले असतात. अशा वेळी नुसती तार आवळली तर शू ड्रमला सतत घासत राहतात. आधी चाकातले शू नीट जुळवावेत, मग आवश्यक असेल तर तार.

ब्रेक सुटला म्हणजे काम संपले असे समजू नये. एक किलोमीटर सावकाश जाऊन थांबावे. खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. लावू नये, नुसता जवळ न्यावा. एक चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले जाणवले, किंवा जळका वास आला, तर ब्रेक अजून घासतो आहे. अशा गाडीने घाट उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. घासणाऱ्या ब्रेकची उष्णता पायब्रेकच्या द्रवापर्यंत जाते. डॉट ३ जातीचा नवा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पण हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो, आणि ओल शोषलेल्या द्रवाला हीच मर्यादा १४० अंशांची आहे. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. म्हणजे दुखणे हँडब्रेकचे, आणि ऐन उतारावर जातो तो पायब्रेक.

हे सारे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. हँडब्रेक रोज वापरावा. जो ब्रेक कधीच ओढला जात नाही त्याची तार जागच्या जागी गंजते. परंतु तो ओढून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवू नये. गाडी धुतल्यावर किंवा ओढ्याच्या पाण्यातून काढल्यावर थोडे अंतर पायब्रेक हलका दाबीत चालवावी, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने आतली ओल सुकते. आणि पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागा पाहून ती पहिल्या गिअरात ठेवावी, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा. यात कायद्याला बाधा येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम असे सांगते की चालक जागेवर नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावावा, किंवा गाडी अपघाताने चालू होणार नाही अशी अन्य तजवीज करावी. कायद्याचा आग्रह गाडी जागची हलू नये हा आहे. हँडब्रेक सोडला आणि दगड लावला नाही, असे मात्र कधीही होता कामा नये. निघताना ठोकळे काढून डिकीत टाकण्याची सवय लावावी.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. विज्ञानाच्या तासाला ज्या गोष्टी आपण फळ्यावर काढतो त्या इथे एका जागी भेटतात. हँडब्रेकची दांडी ही तरफ आहे. हात टेकूपासून ३० सेंटिमीटरवर आणि तार ५ सेंटिमीटरवर असेल, तर १० किलोच्या ओढीचा तारेवर ६० किलोचा ताण होतो. मुलांना हे गणित स्वतः मांडू द्यावे. लायनर म्हणजे घर्षण. चिकटलेला ड्रम म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगाचा धडा. आणि उतारावरची गाडी म्हणजे गुरुत्वाकर्षण. गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून मुलांना हे दाखवावे. त्यांतली काही मुले उद्या ट्रॅक्टर चालवतील, काही गॅरेजात जातील, काही एसटीत चालक होतील. चाकाला आधी दगड लावावयाचा असतो, एवढे जरी त्यांच्या हाताला वळण लागले तरी तो तास सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

तेव्हा, श्रोतेहो, पावसाळा जवळ येत असेल तर आजच एकदा आपल्या गाडीचा हँडब्रेक ओढून आणि सोडून पाहा. खाली येताना तो कुरकुरला, किंवा सुटल्यावर चाक घासल्याचा आवाज आला, तर पहिल्या पावसाची वाट न पाहता मिस्त्रीला दाखवा.